रेव्हन

रेव्हन : कावळ्यांच्या कॉर्व्हिडी कुलातील मोठा, संपूर्ण काळा पक्षी. शास्त्रीय नाव कॉर्व्हस कोरॅक्स. लिनीअस यांनी १७५८ मध्ये त्याचे शास्त्रीय नामकरण केले. चिमणी, बुलबुल, मैना यांचा समावेश असलेल्या पॅसेरिफॉर्मिस गणात तो आणि इथिओपियातील जाड चोचीचा रेव्हन हे सर्वांत मोठे पक्षी होत. मेलेल्या जनावरांचे मांस हा त्याच्या आहारातील मोठा घटक आहे. हे अन्न कुठे आणि केव्हा मिळेल याचा नेम नसतो. त्याचे समाजजीवन व बुद्धी यांचा उलगडा या अनिश्चिततेपासून सुरू होतो.

शरीर : लांबी सु. ५५–७० सेंमी., पंखविस्तार १.१५–१.५ मी., वजन सु. ०.७–२ किग्रॅ. चोच भक्कम व किंचित बाकदार असून तिचे मूळ राठ पिसांनी झाकलेले असते. गळ्यावरची पिसे लांब व टोकदार असतात. ओरडताना ती फुलतात. शेपटी पाचरीच्या आकाराची असल्यामुळे उडताना तो इतर कावळ्यांहून सहज वेगळा ओळखू येतो. आवाज खोल व घोगरा असतो. हवेत कोलांट्या घेणे, क्षणभर उलटे उडणे, बर्फाच्या उतारावरून घसरणे असे खेळही तो खेळतो.

प्रसार : यूरोप, आशिया, उत्तर आफ्रिका व उत्तर अमेरिका. कडाक्याच्या हिवाळ्यातही ग्रीनलंडसारखा प्रदेश तो सोडत नाही, तसाच तो उष्ण वाळवंटातही राहतो. भारतात हिमालयाच्या उंच भागात व लडाखमध्ये तिबेटी उपजाती, तर राजस्थानच्या कोरड्या प्रदेशात दुसरी उपजाती आढळते. महाराष्ट्रात नेहमी दिसणारे गावकावळा व डोमकावळा या त्याच वंशातील वेगळ्या जाती आहेत.

आहार व समाजजीवन : कीटक, धान्य, फळे, अंडी, पिले, उंदीर असे सर्व काही रेव्हन खातो. मोठ्या जनावराची जाड कातडी मात्र त्याच्या चोचीने सहसा फाटत नाही. म्हणून तो लांडग्यांच्या मागावर राहतो. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९९५ मध्ये लांडगे पुन्हा सोडल्यानंतर त्यांच्या शिकारीभोवती रेव्हन मोठ्या संख्येने जमू लागले.

प्रौढ जोडी आपल्या हद्दीत सापडलेले कलेवर राखते व एकट्या तरुण पक्ष्याला हुसकावते. अशा वेळी तरुण पक्षी मोठ्याने ओरडून इतरांना बोलावतात. थवा जमला की जोडीचे काही चालत नाही. जीवशास्त्रज्ञ बर्न्ड हाइनरिच यांनी अमेरिकेतील मेन राज्याच्या जंगलात हिवाळ्यात केलेल्या निरीक्षणांतून हे वर्तन उलगडले. रात्रीच्या सामूहिक वसतिस्थानातून सकाळी अजाण पक्षी माहीतगारांच्या सोबतीने अन्नाकडे जातात.

बुद्धी : मिळालेले मांस लवकर संपवले नाही, तर इतर प्राणी ते फस्त करतात. त्यामुळे रेव्हन जमेल तितके मांस ठिकठिकाणी दडवून ठेवतो. दुसरा रेव्हन पाहत असेल, तर तो घाईने लपवतो किंवा आडोशाला जातो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, शेजारच्या खोलीतून रेव्हनचा केवळ आवाज येत असताना मधले डोकावण्याचे छिद्र उघडे असले, तरच पक्ष्यांनी ही सावधगिरी बाळगली. म्हणजे दुसऱ्याला काय दिसू शकेल याची त्यांना जाण असावी. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या २०१७ मधील प्रयोगात त्यांनी पुढे उपयोगी पडणारे साधन आधीच निवडून जपून ठेवले.

प्रजनन : जोडी दीर्घकाळ टिकते. घरटे कड्यावर किंवा उंच झाडावर काटक्यांचे असून आत लोकर व केस अंथरलेले असतात. मादी ३–७ फिकट निळसर-हिरवी, तपकिरी ठिपक्यांची अंडी घालते व सु. तीन आठवडे उबवते. नर तिला भरवतो. पिले पाच-सहा आठवड्यांनी उडू लागतात. बंदिवासात काही रेव्हन ४० वर्षांहून अधिक जगले आहेत.

मानवी संबंध : नॉर्स पुराणकथांत ओडिन या देवाला जगाच्या वार्ता दोन रेव्हन आणून देतात. वायव्य अमेरिकेतील हैडा लोकांच्या कथांत तो जगाला प्रकाश मिळवून देतो. भूतानचा तो राष्ट्रीय पक्षी असून राजमुकुटावर त्याचे शिर असते. यूरोप व अमेरिकेत मात्र पशुपालकांचा शत्रू मानून त्याची मोठी कत्तल झाली आणि अनेक प्रदेशांतून तो नाहीसा झाला; संरक्षणानंतर काही ठिकाणी तो परतला. जागतिक पातळीवर ही जाती आज संकटग्रस्त नाही. कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटात माणसांचा कचरा व पाणी यांवर रेव्हन वाढले आणि ते वाळवंटी कासवांची पिले खाऊ लागले. तेथे कासवे वाचवायची तर उघड्या कचऱ्याची नीट विल्हेवाट लावणे हा उपायांचा आवश्यक भाग ठरतो.