चंद्रावर जाऊ न शकलेला भूवैज्ञानिक

१/९
आज अनेक विद्यापीठांत पदवीसाठी ‘पृथ्वी व ग्रहविज्ञान’ हा विषय घेता येतो. १९४४ साली सोळा वर्षांचा यूजीन शूमेकर अमेरिकेतील कॅलटेक संस्थेत दाखल झाला, तेव्हा भूविज्ञान म्हणजे केवळ पृथ्वीचे विज्ञान होते. चंद्र हा खगोलशास्त्रज्ञांचा प्रांत मानला जाई.

२/९
एकोणिसाव्या वर्षी तो पदवीधर झाला. १९४८ मध्ये सरकारी भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातर्फे कोलोरॅडोत युरेनियमचा शोध घेत असताना त्याने रॉकेटप्रयोगांविषयी वाचले. माणूस चंद्रावर जाणार, आणि तेव्हा खडक वाचता येणारा कोणीतरी लागणार, हे त्याने ताडले. तो ‘कोणीतरी’ आपण व्हायचे, असे त्याने ठरवले.

३/९
चंद्रावरील विवरे ज्वालामुखींची की आघातांची, हा वाद तेव्हा मिटलेला नव्हता. ग्रोव्ह गिल्बर्ट या थोर भूवैज्ञानिकाने १८९३ मध्ये ती आघाताची मानली होती. मात्र त्याआधी, १८९१ मध्ये, अ‍ॅरिझोनातील सुमारे १.२ किलोमीटर व्यासाचे विवर वाफेच्या स्फोटाने झाले, असा निष्कर्ष त्यानेच काढला होता!

४/९
डॅनियल बॅरिंजर या खाणतज्ज्ञाला ते उल्काविवरच वाटे. १९०३ पासून त्याने तेथे लोखंडाच्या प्रचंड गोळ्यासाठी खोदकाम चालवले. गोळा मिळाला नाही, कारण आघाताच्या उष्णतेने उल्केचा बहुतांश भाग वितळला किंवा बाष्परूप झाला होता.

५/९
खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा भूविज्ञानाचा पहिल्या वर्षाचा धडा. विवराच्या कडेवर शूमेकरला हा क्रम उलटा दिसला. पुस्तकाचे पान उलटावे तसे थर बाहेरच्या बाजूस उलटले होते. नेवाडातील अणुस्फोटांच्या खड्ड्यांतही त्याला हीच रचना आढळली.

६/९
१९६० मध्ये एडवर्ड चाओ आणि सहकाऱ्यांसह त्याने तेथील खडकांत कोएसाइट सापडल्याचे जाहीर केले. क्वार्ट्झचे हे रूप घडण्यास जो दाब लागतो, तो भूपृष्ठावरील ज्वालामुखीत निर्माण होत नाही. वादाचा निकाल लागला.

७/९
पण १९६३ मध्ये त्याला अ‍ॅडिसन रोगाचे निदान झाले आणि अंतराळवीर होण्याचे दार बंद झाले. मग त्याने त्याच विवरात अंतराळवीरांना खडक वाचायला शिकवले. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ मधून हॅरिसन श्मिट हा भूवैज्ञानिक चंद्रावर उतरला. तोही कॅलटेकचाच पदवीधर, आणि शूमेकरच्या विभागात काम केलेला.

८/९
या अभ्यासाचा धागा बुलढाण्यापर्यंत येतो. लोणारचे विवरही दीर्घकाळ ज्वालामुखीजन्य समजले जाई. १९७३ मध्ये तेथील आघाताने रूपांतरित झालेल्या खडकांचा पुरावा प्रसिद्ध झाला. चंद्रावरील काळी मैदानेही बेसॉल्टचीच असल्याने लोणार आज चंद्राच्या अभ्यासकांना मोलाचे वाटते.

९/९
१९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात विवरांच्या शोधात असताना शूमेकर मोटार-अपघातात मरण पावला. त्याच्या अस्थींचा अंश घेऊन निघालेले लूनार प्रॉस्पेक्टर यान ३१ जुलै १९९९ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ आदळले. कॅलटेकच्या ज्या विभागात तो शिकला, त्याच्या नावातही पुढे ‘ग्रहविज्ञान’ हा शब्द आला.