अमेरिकेतील बिऱ्हाड

परदेशी जाऊन विद्या संपादन केलेल्या आपल्याकडील थोर स्त्रीपुरुषांची चरित्रे वाचताना एक उणीव आम्हांस नेहमी जाणवते. चरित्रकार बोट सुटल्याचा दिवस सांगतो, विद्यापीठाचे नाव सांगतो, आणि पान उलटताच आपण पदवीदान समारंभात येऊन पोहोचतो. मधल्या दिवसांत हा मनुष्य राहिला कोठे, त्याच्या ताटात काय पडले, तो कोणाच्या शेजारी बसून जेवला, खिशातले पैसे महिनाअखेरपर्यंत कसे पुरले, हे बहुधा दोनचार ओळींत आटोपते. या गोष्टी किरकोळ आहेत अशी समजूत त्यामागे असावी. ज्या समाजात कोणी कोणाच्या पंगतीस बसावे यावरून माणसाची किंमत ठरत असे, त्या समाजातून गेलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तरी त्या किरकोळ नव्हत्या, असे आमचे मत आहे. परक्या देशातील पहिले जेवण त्याला पहिल्या व्याख्यानाइतकेच शिकवून जात असे.

आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण प्रथम घेऊ. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते आणि सोबत पती नव्हता. न्यू जर्सीतील रोसेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी त्या उतरल्या. या बाईंना त्या मावशी म्हणत, आणि मावशीनेही ते नाते अखेरपर्यंत निभावले. आनंदीबाईंच्या अस्थी पुढे अमेरिकेत कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत पोहोचल्या, यावरून त्याची खोली कळेल. परंतु मावशीच्या घरी राहणे निराळे आणि फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात विद्यार्थिनी म्हणून राहणे निराळे. हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्या निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील भाषणात जाहीर करून चुकल्या होत्या. ते वचन पाळायचे म्हणजे शाकाहार पाळायचा, स्वतः रांधून खायचे आणि तेथील थंडीतही लुगडे सोडायचे नाही. नऊवारी नेसणीत पाय उघडे राहतात म्हणून त्यांनी गुजराथी पद्धतीने पायघोळ साडी नेसण्यास आरंभ केला. केवढी ही तडजोड, आणि किती मोजूनमापून केलेली! खोलीतील शेगडीचा धूर नीट बाहेर जात नसे. धूर सोसावा की थंडी सोसावी, एवढीच निवड हाती उरे. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या निवर्तल्या. मृत्यूचा सगळा दोष त्या खोलीवर टाकणे योग्य होणार नाही. प्रकृती जाण्यापूर्वीही धड नव्हती. तरीपण घर जसेच्या तसे बरोबर वाहून नेण्याची अट स्वदेशातील लोकांनी घातली आणि तिची किंमत एका मुलीच्या देहाने चुकती केली, हे विसरता येत नाही. जशी गेली तशीच परत आली, म्हणून तिचा गौरव करणाऱ्यांनी हा हिशेब मांडल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही.

ज्ञानकोशकार केतकर १९०६ मध्ये अमेरिकेस गेले व कॉर्नेल विद्यापीठातून १९११ साली डॉक्टर झाले. त्यांच्या तेथील दिनक्रमाबद्दल येथे विस्तार करीत नाही. एवढेच नोंदवितो की, हिंदुस्थानातील जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ साली, ते विद्यार्थी असतानाच, प्रसिद्ध झाला. या ग्रंथाकडे आपणांस पुन्हा यावयाचे आहे.

आता भीमराव आंबेडकर. त्यांच्या अमेरिकाप्रवासाचे मूळ एका शाळामास्तरापर्यंत जाते, हे आम्हां शिक्षकांस विशेष सुखावणारे आहे. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणाऱ्या या मुलास हेरले, १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर आपले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले, आणि पुढे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकून महाविद्यालयाच्या शिक्षणासाठी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. बडोदे आणि अमेरिका यांचा संबंध तोवर जुळलेलाच होता. महाराज १९०६ साली अमेरिका पाहून आले होते. १९१० मध्ये त्यांनी बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल आणून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला होता. बी. ए. झालेल्या भीमरावांस कोलंबिया विद्यापीठात धाडण्याचे ठरले, ते या ओघातच. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. साडेअकरा पौंड म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ५६ डॉलर. त्यातूनच मुंबईस घरी पैसे पाठवायचे होते, कारण वडील त्याच वर्षी २ फेब्रुवारीस वारले होते आणि मागे पत्नी रमाबाई व तान्हा यशवंत होते.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला उतरले. पहिले बिऱ्हाड विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात. तेथील जेवण मानवेना. अर्धेकच्चे शिजविलेले अन्न आणि त्यात गोमांस. आठवडाभरातच त्यांनी ती जागा सोडली व काही हिंदी विद्यार्थी राहत असलेल्या कॉस्मोपॉलिटन क्लबात बिऱ्हाड हलविले. अखेरीस लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याच्या सोबतीने ते स्थिरावले. ही मैत्री जन्मभर टिकली. खाण्यापिण्याची ही कुरकुर आजही परदेशी गेलेला प्रत्येक मुलगा पहिल्या पत्रात, आता फोनवर, करतोच. तेव्हा यात विशेष ते काय, असे वाचक म्हणतील. विशेष हे की, अन्न आवडले नाही म्हणून जागा बदलण्याचा अधिकार या विद्यार्थ्यास आयुष्यात बहुधा प्रथमच मिळाला होता. साताऱ्याच्या शाळेत त्याला बसावयास घरून गोणपाट न्यावे लागे, आणि शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी मिळत नसे. न्यूयॉर्कमध्ये तक्रार होती ती मांस नीट शिजले नाही एवढीच. आपण कोणाच्या टेबलाशी बसलो, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

चरित्रकार सांगतात की, पहिले काही महिने भीमराव खेळण्यात, नाटके पाहण्यात व मित्रमंडळींत रमले. काही भाविक लेखक हा भाग झाकून ठेवतात. आम्हांस तो फार मोलाचा वाटतो. बावीस वर्षांच्या तरुणाने, जन्मात प्रथमच सर्वांच्या बरोबरीने हिंडताफिरता येऊ लागल्यावर, थोडे हिंडावे, यात वावगे काय? त्यानंतर जो अभ्यास सुरू झाला त्याला मात्र तोड नाही. अर्थशास्त्राचे २९ पाठ्यक्रम, इतिहासाचे ११, शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन. सेलिग्मन, ड्यूई, शॉटवेल, रॉबिन्सन हे गुरू. कॉफी आणि दोन पाव यांवर वेळ भागवायची, व उरलेल्या पैशांतून जुनी पुस्तके खरेदी करावयाची. अशी सुमारे दोन हजार पुस्तके त्यांनी जमविली. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले.

९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी हिंदुस्थानातील जातींवर निबंध वाचला. त्यात सेनार, नेसफील्ड, रिस्ले यांच्या व्याख्यांची तपासणी करून झाल्यावर ते केतकरांच्या व्याख्येकडे वळतात. हा लेखक स्वतः येथला असून चिकित्सक बुद्धीने लिहितो, असा गौरव करतात, आणि लगोलग एक चूकही दाखवितात. जातीत जन्मलेल्यांनाच जातीत स्थान, आणि जातीबाहेर विवाहास बंदी, ही केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे वस्तुतः एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, असे त्यांचे म्हणणे. एक विद्यार्थी इथाकाचा, एक न्यूयॉर्कचा, दोघे मराठी, सातआठ वर्षांच्या अंतराने दोघांनी परक्या भूमीवर बसून आपल्याच घराच्या पायाची तपासणी केली. एकाने तो पाया वरच्या मजल्यावरून पाहिला होता, दुसऱ्याने त्याखाली दबून. हा निबंध मे १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापला गेला. आमच्या शाळांतील अभ्यासमंडळांत हे दोन लेख शेजारी ठेवून वाचावेत, अशी आमची जुनी सूचना आहे.

येथवरची कथा बडोदेकर अभिमानाने सांगतात. पुढची सांगताना त्यांचा आवाज खाली येतो. लंडनचा अभ्यास अर्धा सोडून, शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून, कराराप्रमाणे भीमराव १९१७ च्या सप्टेंबरात बडोद्यास नोकरीवर आले. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून गेली होती, असे त्यांनी पुढे आठवणींत लिहिले आहे. बडोदे स्टेशनवर ती परत आली, कारण उतरायचे कोठे, हा प्रश्न पडला. एका पारशी पथिकाश्रमात, पारशी नाव नोंदवून, रोज दीड रुपया भाड्याने त्यांना जागा मिळाली. वरचा मजला ओसाड, अडगळीने भरलेला, अंधारा. न्यूयॉर्कात एका पारशी मित्राच्या सोबतीने तीन वर्षांचे बिऱ्हाड झाले. येथे अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले. एक हिंदू स्नेही आणि एक ख्रिस्ती स्नेही, दोघांनीही निरनिराळी कारणे सांगून घरी घेण्याचे टाळले. मुंबईची गाडी रात्री ९ वाजता होती. तोवरचा वेळ त्यांनी कामाठीबागेत काढला. वास्तविक महाराजांची कळकळ खोटी नव्हती, आणि दरबाराचा हुकूम कोठेही पोहोचत असे. तो एका खोलीच्या उंबरठ्याआत मात्र पोहोचू शकला नाही.

१९३० साली कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात त्यांनी लिहिले की, आयुष्यातले आपले सर्वोत्तम मित्र म्हणजे तेथील काही सहाध्यायी व थोर अध्यापक होत. त्यापूर्वी, १९२५ मध्ये, ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा कोलंबियाचा प्रबंध लंडनला ग्रंथरूपाने निघाला होता. त्याला प्रस्तावना प्रा. सेलिग्मन यांची आहे. आणि शिक्षणासाठी केलेल्या साह्याबद्दल कृतज्ञता म्हणून ग्रंथ अर्पण केलेला आहे तो महाराज सयाजीराव गायकवाड यांना.