अंबरनाथचे आकाश आणि १०५४ चा तारा

आपल्या भाषेत ताऱ्यांचा वावर फार जुना आहे. पहाटे पूर्वेला दिसणाऱ्या शुक्राला आपण 'शुक्राची चांदणी' म्हणतो, आणि तो तारा नसून ग्रह आहे हे ठाऊक असूनही ते नाव बदलत नाही. देखण्या मुलीला 'नक्षत्रासारखी' म्हणतो. शहाणपणाचा आव आणून कुणी वेडगळ बोलला की त्याने 'अकलेचे तारे तोडले' असे म्हणतो. अढळपद म्हटले की ध्रुव आठवतो. नाताळात अंगणात टांगलेल्या कंदिलाला घरोघर 'स्टार' म्हणण्याची रीत पडली आहे, आणि तो शब्दही आता आपलाच झाला आहे. आकाशाकडे फारसे न पाहणारी माणसेदेखील बोलताना आकाश सोडीत नाहीत.

कल्याणच्या पुढे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर अशी एकाला एक लागून वस्ती आहे. यांपैकी एका गावाचे नाव तर थेट आकाशाशी जोडले जाते. अंबर म्हणजे आकाश, म्हणून अंबरनाथ म्हणजे आकाशाचा स्वामी, असा अर्थ सर्रास सांगितला जातो. वालधुनीच्या काठचे तेथील शिवमंदिर पाहिले की हा अर्थ मनाला पटतोही. सभामंडपातून पायऱ्या उतरून खोल गाभाऱ्यात जावे लागते. शिखराचा वरचा भाग आज नाही, त्यामुळे खाली उभे राहून मान वर केली की आकाशाचा तुकडा दिसतो. मात्र मंदिरातील शिलालेखाच्या अभ्यासकांनी देवाचे नाव 'आम्रनाथ' असे वाचले आहे. म्हणजे नावात आधी आंबा होता आणि आकाश मागाहून आले. लोकांनी जे डोळ्यांनी पाहिले, त्याप्रमाणे नावाचा अर्थ लावून घेतला. भाषेत असे नेहमीच घडते.

हा शिलालेख उत्तर कोकणच्या शिलाहार राजांपैकी मम्वाणी ऊर्फ मुम्मुणी याच्या काळातील आहे. त्यातील शकवर्ष प्रथम ७८२, म्हणजे इ. स. ८६० असे वाचले गेले. पुढे ते ९८२, म्हणजे इ. स. १०६० असे दुरुस्त झाले. जुन्या अक्षरांतील एका आकड्याने दोनशे वर्षांचा फरक पडला. दुरुस्ती योग्य आहे, हे दुसऱ्या पुराव्यावरूनही कळते. मुम्मुणीचा भाऊ चित्तराज याचा भांडुप येथे सापडलेला ताम्रपट शके ९४८ चा, म्हणजे इ. स. १०२६ चा आहे. १०२६ मध्ये राज्य करणाऱ्याचा भाऊ ८६० मध्ये कसा असेल? चित्तराजाच्या काळात या मंदिराचे काम सुरू झाले आणि मुम्मुणीच्या काळात ते पूर्ण झाले, असे सामान्यतः मानले जाते.

इतक्या काटेकोरपणे साल ठरविण्यात आम्हांस विशेष रस आहे, आणि त्याचे कारण आकाशात आहे. १०६० पूर्वीची काही वर्षे म्हणजे या मंदिराच्या बांधकामाचीच वर्षे. त्याच वर्षांत मानवी इतिहासातील एक अपूर्व तारा आकाशात उगवून मावळला.

चीनमधील सुंग राजांच्या दरबारी ज्योतिषांनी ४ जुलै १०५४ च्या पहाटे पूर्वेला एक 'पाहुणा तारा' पाहिला. नव्या ताऱ्याला ते असेच म्हणत. वृषभ राशीच्या शिंगाच्या टोकाजवळ, आपल्या मृग नक्षत्राच्या उत्तरेस, तो प्रकटला. तेवीस दिवस तो भरदिवसा दिसत होता. पुढे तेज उतरत गेले, तरी एप्रिल १०५६ पर्यंत रात्री तो नुसत्या डोळ्यांनी दिसल्याची नोंद आहे. आज आपणांस ठाऊक आहे की तो नवा तारा नव्हता, तर एका जुन्या ताऱ्याचा मृत्यू होता. सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षे दूर असलेला एक प्रचंड तारा स्फोट होऊन फुटला होता. त्याच्या अवशेषाला आपण 'क्रॅब' म्हणजे खेकडा तेजोमेघ म्हणतो. १७३१ मध्ये जॉन बेव्हिस या इंग्रज निरीक्षकाला तो दुर्बिणीतून दिसला. १७५८ मध्ये शार्ल मेस्ये याने त्याची नोंद केली आणि पुढे आपल्या प्रसिद्ध यादीत त्याला पहिले स्थान दिले. १९६८ मध्ये त्याच्या गर्भात सेकंदाला सुमारे तीस वेळा गरगर फिरणारा स्पंदक तारा सापडला.

मग प्रश्न असा की, अंबरनाथच्या दगडांवर छिन्नी चालविणाऱ्या पाथरवटांना हा तारा दिसला असेल काय?

पंचांगाच्या हिशेबाने जुलै १०५४ म्हणजे आषाढ-श्रावणाचे दिवस. कोकणचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना अधिक सांगणे नलगे. जे तेवीस दिवस हा तारा भरदिवसा तळपत होता, ते सारे ऐन पावसाळ्यातले होते. या भागात त्या दिवसांत सूर्यच मुश्किलीने दिसतो, तेथे तारा कोठून दिसणार? परंतु पावसाळा संपल्यावर आकाश निवळले असेल. मार्गशीर्षाच्या सुमारास मृगाचा परिसर मध्यरात्री माथ्यावर येतो. गणित केले तर हा तारा त्या काळी अंबरनाथच्या अक्षांशावरून जवळजवळ थेट डोक्यावरून जात होता, असे आढळते. मधला सूर्यसान्निध्याचा काळ वगळता दोन हिवाळे तो दिसण्याजोगा होता. शेकोटीभोवती बसलेल्या कुणा ना कुणा कारागिराने, राखणदाराने किंवा नावाड्याने मान वर करून 'ही चांदणी पूर्वी नव्हती' असे म्हटले असेल, असे आम्हांस वाटते. पण हा केवळ तर्क आहे. लेख नाही.

लेख शोधण्याचा प्रयत्न मात्र झालेला आहे. डॉ. जयंत नारळीकर आणि संस्कृतच्या विदुषी डॉ. सरोजा भाटे यांनी या ताऱ्याचा उल्लेख कोठे आढळतो काय, यासाठी भारतीय साहित्य धुंडाळले. निःसंदिग्ध म्हणावी अशी नोंद हाती लागली नाही. आपल्याकडे गणिताची उणीव नव्हती. ग्रहणे अचूक वर्तविणारे ज्योतिषी येथे होते. पण दगडावर आणि तांब्यावर कोरले जाई ते राजाचे कूळ, दान दिलेले गाव आणि दान मोडणाऱ्याला शाप. आकाशात काय नवे घडले, हे रोज लिहून ठेवणारा अधिकारी चीनच्या दरबारी होता, तसा येथे असल्याचे दिसत नाही.

याबद्दल केवळ आपणच खंत बाळगावी असे नाही. युरोपातील मठांत वर्षवृत्ते लिहिणारे संन्यासी होते, तरी तेथेही या ताऱ्याची निर्विवाद नोंद सापडत नाही. पश्चिमेकडून आलेली महत्त्वाची साक्ष आहे ती इब्न बुतलान या बगदादच्या वैद्याची. तो पौर्वात्य ख्रिस्तसभेचा, नेस्तोरियन पंथाचा ख्रिस्ती होता आणि त्या सुमारास कॉन्स्टँटिनोपल शहरात होता. नव्या ताऱ्याचा उल्लेख त्याने तेथील महामारीच्या संदर्भात केला. ताऱ्यामुळे रोग येतो ही त्याची समजूत चुकीची होती, पण लिहून ठेवण्याची सवय चांगली होती. त्या सवयीमुळेच चुकीच्या समजुतीतूनही खरी माहिती आपल्यापर्यंत पोचली.

त्याच शहरात, त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट घडली. १६ जुलै १०५४ रोजी रोमचे प्रतिनिधी कार्डिनल हुंबर्ट यांनी हागिया सोफियाच्या वेदीवर कुलगुरू मिखाएल केरुलारियस यांच्या बहिष्काराचे पत्र ठेवले. पूर्व आणि पश्चिम ख्रिस्तसभेतील फुटीचे वर्ष म्हणून इतिहास १०५४ कडे बोट दाखवितो. चिनी नोंदीप्रमाणे त्या दिवशीही तारा भरदिवसा दिसत होता. बहिष्कार घालणाऱ्यांनी आणि तो सोसणाऱ्यांनी त्याविषयी काही लिहिल्याचे दिसत नाही. आकाशातील खुणेचा अर्थ लावण्याचा मोह आम्ही येथे टाळतो. पायाखालच्या भांडणात माणसाला डोक्यावरचे आकाश दिसेनासे होते, एवढेच म्हणतो. ते परस्परांवरील बहिष्कार पोप सहावे पॉल आणि कुलगुरू अथेनागोरस यांनी ७ डिसेंबर १९६५ रोजी मागे घेतले. तोवर नऊशे अकरा वर्षे लोटली होती.

राजांनी आणि पंडितांनी तारे नोंदविले नाहीत, तरी कुणब्यांनी ते जिभेवर जपले. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य या नावांनी आपला शेतकरी पाऊस मोजतो. मृग लागला म्हणजे पेरणीची घाई, आणि हस्ताचा पाऊस म्हणजे हत्तीचा पाऊस. यात एक गंमत आहे. मृग नक्षत्र लागते तेव्हा सूर्य त्या ताऱ्यांत असतो, म्हणून ते तारे त्या दिवसांत दिसतच नाहीत. न दिसणाऱ्या ताऱ्याच्या नावाने पेरणी करणारा आमचा शेतकरी आकाशाचे गणित जाणतो, ते याच अर्थाने. मृगाच्या मधल्या तीन ताऱ्यांना जुनी माणसे 'तिकांडे' म्हणतात. सप्तर्षींच्या चौकोनाला 'बाज' म्हणतात आणि शेपटीच्या तीन ताऱ्यांना ती बाज चोरून नेणारे चोर समजतात. घड्याळ नसलेल्या घरात तिकांडे कोठे आले यावर रात्रीचा प्रहर ठरत असे.

उल्हासनगरची गोष्ट याच मालिकेतली आहे. १९४७ नंतर सिंधमधून निर्वासित होऊन आलेली कुटुंबे कल्याणच्या लष्करी छावणीत उतरली, आणि १९४९ मध्ये त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. घरदार, शेतीवाडी मागे राहिली. सण मात्र बरोबर आला. चेटीचंड या त्यांच्या वर्षारंभाच्या नावातील 'चंड' म्हणजे चंद्र. चैत्राच्या नव्या चंद्रकोरीशी बांधलेला हा सण सिंधूच्या काठी जसा होता, तसाच उल्हास आणि वालधुनीच्या काठी राहिला. परमुलखात माणसाला ओळखीची वाटणारी पहिली वस्तू आकाशच असते.

आज या तिन्ही गावांवर दिव्यांचा उजेड इतका आहे की, कृत्तिकांचा पुंजका शोधणेही कठीण झाले आहे. बदलापूरच्या पुढे वांगणीला मात्र काळोख बराच काळ टिकून होता, आणि म्हणूनच 'खगोल मंडळ' या संस्थेचे रात्रभर चालणारे आकाशदर्शनाचे कार्यक्रम तेथे होत आले. मुंबईची मुले लोकलने येऊन तेथे पहिल्यांदा आकाशगंगा पाहत. ताऱ्यांचे आकाश हे आता प्रवास करून पाहण्याचे स्थळ झाले, यात सर्व काही आले.

उजेड मागे घेणे आपल्या हाती नाही. शब्द मात्र आहेत. आपल्या समाजात वसईच्या वाड्यांतून आणि अहमदनगरच्या खेड्यांतून आलेली वृद्ध मंडळी अजून घरोघर आहेत. ती तिकांड्याला काय म्हणत, शेपटीच्या ताऱ्याला काय म्हणत, नाताळच्या मध्यरात्री मिस्साला निघताना कोणती चांदणी कोठे असे, हे त्यांना विचारावे आणि तारीख घालून वहीत उतरवून ठेवावे. अंबरनाथच्या पाथरवटांनी १०५४ चा तारा पाहिलाही असेल. त्यांच्या हातांत छिन्नी होती, समोर दगड होता, आणि तरीही आज आपल्याला ते चीनच्या कागदांवरून जाणून घ्यावे लागते.