‘फे’, ‘फिदेलिदाद’ आणि आपले ‘आमेन’



दृढीकरणाच्या वर्गात आम्ही दरवर्षी पवित्र आत्म्याची फळे शिकवतो : गलतीकरांस पत्र, अध्याय 5, वचन 22. यंदा एका मुलीने विचारले, “विश्वासूपणा म्हणजे विश्वासच ना? मग वेगळा शब्द कशाला?” आम्हाला चटकन उत्तर सुचले नाही. पुढच्या रविवारी सांगू, असे म्हणून वेळ मारून नेली आणि घरी येऊन शोध सुरू केला. तेव्हा कळले की, नेमक्या याच वचनावर स्पॅनिश अनुवादकांनाही निवड करावी लागली आहे.

मूळ ग्रीक शब्द आहे ‘पिस्तिस’. त्याचे अर्थ दोन : देवावर ठेवलेला विश्वास आणि दिलेल्या शब्दाला जागणे. स्पॅनिश भाषेत मात्र यासाठी दोन शब्द आहेत. पहिल्यासाठी ‘फे’, दुसऱ्यासाठी ‘फिदेलिदाद’. 1960 सालच्या रेना-वालेरा बायबलमध्ये या ठिकाणी ‘फे’ आहे. 1999 च्या ‘नुएवा व्हेर्सिओन इंतेर्नासिओनाल’मध्ये ‘फिदेलिदाद’ आहे. वचन एकच, शब्द दोन.

निष्ठेसाठी स्पॅनिशमध्ये आणखी एक शब्द आहे, ‘लेआल्ताद’. वरवर पाहता तो ‘फिदेलिदाद’चा जुळा भाऊ वाटतो, पण दोघांचे मूळ वेगळे. ‘लेआल्ताद’ हा कायदा या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला. राजा, सैन्य, नगर यांच्याशी राखलेली ती निष्ठा. ‘फिदेलिदाद’ आला ‘फिदेस’पासून, म्हणजे विश्वासापासून. लग्नाच्या वचनात वर-वधू एकमेकांना ‘फिएल’ राहण्याचे वचन देतात, तो याच कुळातला शब्द. मिस्साला जमलेल्या भाविकांनाही ‘फिएलेस’ म्हणतात. आणि बाप्तिस्म्याचा दाखला? त्याला ‘फे दे बाउतिस्मो’ म्हणतात. नोंदवहीतून दाखले उतरवून देणाऱ्या आम्हा स्वयंसेवकांना हे वाचून फार बरे वाटले. दाखला म्हणजे नुसता कागद नव्हे, कोणीतरी दिलेली ग्वाही आहे.

पण या शब्दांची किंमत माणसांनी कशी मोजली, हे पाहायचे तर सोळाव्या शतकातल्या सेव्हिल शहरात जावे लागते. त्या शहराच्या बिरुदातच ‘लेआल’, म्हणजे निष्ठावान, हा शब्द आहे. शहराजवळ सान इसिदोरो देल कांपो नावाचा मठ होता. तिथल्या काही संन्याशांवर धर्मसुधारणेच्या विचारांचा प्रभाव पडला. 1557 मध्ये त्यांतले काही जण देश सोडून जिनिव्हाला पळाले. कासिओदोरो दे रेना आणि सिप्रियानो दे वालेरा त्यांच्यापैकीच. मागे राहिलेल्यांपैकी काहींना जाळण्यात आले. 1559 मध्ये स्पेनच्या धर्मन्यायालयाने लोकभाषेतल्या बायबलवर बंदी घातली. 1562 मध्ये सेव्हिलमध्ये रेनाचा पुतळा जाळला.

ज्या जाहीर सोहळ्यात असे निवाडे सुनावले जात, त्याचे नाव होते ‘आउतो दे फे’, अर्थात ‘श्रद्धेची कृती’. ‘फे’ हाच शब्द! असे धर्मन्यायालय पोर्तुगीजांनी गोव्यातही 1560 मध्ये आणले. ते कायमचे बंद झाले 1812 मध्ये. आम्ही कॅथलिक आहोत, म्हणून हे पान उलटून पुढे जाणे आम्हाला योग्य वाटत नाही. सत्याच्या नावाने झालेल्या अशा पापांबद्दल पोप जॉन पॉल दुसरे यांनी 12 मार्च 2000 रोजी देवाजवळ क्षमा मागितली.

रेना वणवण फिरत राहिला. अखेर 1569 मध्ये बासेल येथे त्याचे संपूर्ण स्पॅनिश बायबल छापून झाले. मुखपृष्ठावर मधाकडे झेपावणारे अस्वल होते, म्हणून ते ‘अस्वलाचे बायबल’ म्हणून ओळखले जाते. वालेराने पुढे वीस वर्षे खपून त्याची सुधारित आवृत्ती 1602 मध्ये आम्स्टरडॅमला काढली.

त्याच काळातले आपले संत योहान, क्रूसभक्त. 1577 मध्ये त्यांना त्यांच्याच कार्मेल संघाच्या बंधूंनी तोलेदोला कोंडून ठेवले. पुढच्या वर्षी ते निसटले, पण संघ सोडून गेले नाहीत. एकाने देश आणि मठ सोडला, दुसरा छळ सोसूनही घरातच राहिला. दोघांच्या वाटा वेगळ्या, मतेही वेगळी. आज दोघांनाही ‘फिएल’ म्हणावेसे वाटते. ‘लेआल्ताद’ मोडली असे म्हणत रेनाला दोषी ठरवता येईल. पण शब्दाला जागण्याच्या कसोटीवर तो उणा पडला असे आम्हाला म्हणवत नाही.

आता आपल्याकडे पाहू. मराठीत आपण ‘इमान’ म्हणतो ते निष्ठेला. खाल्ल्या मिठाला जागणारा तो इमानी, न जागणारा बेइमान. पण मूळ अरबीत ‘ईमान’ म्हणजे श्रद्धा! आणि हा शब्द ज्या धातूचा, त्याच धातूचा हिब्रू शब्द आपण प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी उच्चारतो : आमेन. त्या धातूत भक्कम असणे, भरवशाचे असणे हा भाव आहे. म्हणजे आमेन म्हणताना आपण नुसते “मला हे पटते” असे म्हणत नाही. “मी यावर उभा आहे” असेही म्हणतो.

पुढच्या रविवारी आम्ही त्या मुलीला सांगितले : बाळा, विश्वास हे मूळ आहे, विश्वासूपणा हे त्याला लागलेले फळ. मूळ जमिनीखाली असते, कोणाला दिसत नाही. फळ शेजाऱ्याला दिसते आणि त्याच्या उपयोगी पडते. आजारी जोडीदाराची वर्षानुवर्षे सेवा करणारी तुझी आजी ‘श्रद्धा’ हा शब्द क्वचितच उच्चारत असेल. पण तिच्याकडे पाहून तो शब्द कळतो.

हे प्रभो, आम्ही तुझे नाव घेऊन कोणाला दुखावले असेल तर क्षमा कर. आमच्या ओठांवरचा विश्वास आमच्या वागण्यात उतरू दे. आणि आम्ही डळमळलो तरी तू विश्वासू राहतोस, हे आम्हाला विसरू देऊ नकोस. आमेन.