‘हुरादो’, ज्युरी आणि पंच : एका संज्ञेचा ऐतिहासिक विचार

ज्युरीसाठी स्पॅनिश भाषेत ‘हुरादो’ हा शब्द रूढ आहे. शपथ घेणे या अर्थाच्या ‘हुरार’ या क्रियापदापासून तो सिद्ध झाला असून त्याचा मूळ अर्थ ‘शपथबद्ध’ असा आहे. संपूर्ण मंडळ आणि त्यातील एक सदस्य, दोहोंसाठी तो चालतो. स्पर्धेच्या परीक्षक मंडळालाही तोच लावला जातो. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या ‘ज्युरी’ शब्दाचे मूळही त्याच लॅटिन धातूत आहे. मराठीने ‘ज्युरी’ हा शब्द जसाच्या तसा स्वीकारला. अर्थ उलगडताना मात्र ‘पंच’ शब्दाचा आधार घेतला. या आधाराने दोन भिन्न संस्था एकच भासू लागल्या.

‘पंच’ हे नाव संख्येवरून पडले, शपथेवरून नव्हे. आणि ती संख्याही नेहमी पाचच असे असे नाही. १८०४ मध्ये नागपूरच्या भोसले दरबारी रेसिडेंट म्हणून आलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पुढे, पेशवाईच्या अस्तानंतर, १८१९ च्या आपल्या अहवालात मराठी मुलखातील पंचायतीचे सविस्तर वर्णन केले. निवाडा मान्य करू, असा ‘राजीनामा’ वादी-प्रतिवादी आधी लिहून देत. आज बहुधा पदत्यागापुरता उरलेला हा शब्द तेव्हा संमतीचा लेख होता. पंचांचा अधिकार या संमतीतून येई.

ज्युरीला आरोपीची अशी संमती लागत नसे. १९०८ च्या लोकमान्य टिळकांवरील खटल्यात हा भेद प्रकर्षाने दिसतो. मुंबई उच्च न्यायालयातील ९ ज्युरर्सपैकी ७ युरोपीय व २ पारशी होते. वादग्रस्त लेख ‘केसरी’तील, म्हणजे मराठी, ते ज्युरीपुढे आले इंग्रजी भाषांतरातून. २२ जुलै रोजी ७ विरुद्ध २ मतांनी टिळक दोषी ठरले. अशा मंडळाला ‘पंच’ म्हणणे शब्दाचाच विपर्यास होय.

नागपूरच्या सत्र न्यायालयांत असेसर बसत. त्यांचे मत न्यायाधीशावर बंधनकारक नसल्याने त्यांना ‘हुरादो’ म्हणता येत नाही, आणि पक्षकारांनी निवडलेले नसल्याने ‘पंच’ही नाही. १९५५ च्या दुरुस्तीने असेसर गेले. पुढे नानावटी खटल्यात ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी दिलेला निर्दोषत्वाचा कौल उच्च न्यायालयाने अमान्य केला, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला स्थान उरले नाही. उलट स्पेनमध्ये १९९५ च्या कायद्याने ९ सदस्यांचे ‘हुरादो’ पुन्हा आले.

‘पंच’ मात्र मराठी न्यायव्यवहारात टिकून आहे, तो ‘पंचनाम्या’त. झडतीच्या वेळी परिसरातील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी हजर ठेवण्याची तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. हे पंच निवाडा करत नाहीत. जे पाहिले त्याच्या नोंदीखाली सही करतात, आणि पुढे बोलावणे आल्यास साक्षीदार म्हणून न्यायालयात उभे राहतात. तेथे त्यांना शपथ घ्यावी लागते.