पाठीतलं पाणी: सुई एक, हात अनेक

नांदेड असो की लातूर, मेंदूज्वराच्या संशयानं पोरगं दवाखान्यात असतं आणि डॉक्टर म्हणतात, "पाठीतलं पाणी काढावं लागेल." घरचे एकमेकांकडं बघतात. पोरगं लुळं पडलं तर? सही करायला हात धजत नाही. आज त्या भीतीची आणि त्या सुईची गोष्ट.

साल 1891. जर्मनीतल्या कील शहरात हाइनरिक क्विंके यांनी कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून हे पाणी काढलं. एक्स-रेचा शोध लागायला अजून चार वर्षं होती! सगळा भरवसा बोटांवर. पण मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली टोचतात. लहान बाळात तो जरा खाली असतो, म्हणून सुई आणखी खाली. लुळं पडणं अगदी दुर्मिळ आहे ते यामुळंच.

खरा त्रास वेगळाच. 1898 मध्ये कीलमध्येच ऑगस्ट बिअर यांनी ही सुई स्वतःच्या पाठीत टोचून घेतली. पाणी बरंच गळालं आणि डोकेदुखीनं ते कित्येक दिवस अंथरुणाला खिळले. सुईच्या भोकातून पाणी झिरपत राहिलं की डोकं दुखतं.

आता पडद्यावर सुई दिसते. चालत्या एक्स-रेखाली, म्हणजे सी-आर्मखाली, पेशंटला बहुतेकदा पालथं झोपवतात. कुणी सुई सरळ मधून घालतं, कुणी किंचित बाजूनं. कुणी दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यामधली जागा धरतं, कुणी त्याखालची. पाण्याचा दाब मोजायचा तर काही जण पेशंटला कुशीवर वळवतात. जो जिथं शिकला, तिथली रीत त्याच्या हातात बसते.

गंमत बघा, मशीन बदललं तरी अनेक ठिकाणी क्विंके यांच्या नावाची धारदार सुईच वापरतात. 1951 मध्ये पेन्सिलीसारख्या टोकाची सुई आली. ती पडद्याचे धागे कापत नाही, बाजूला सारते. 2018 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये 110 चाचण्यांचा एकत्र हिशेब छापून आला: जुन्या सुईनं शंभरात 11 जणांना डोकेदुखी, नव्या सुईनं चार.

तर मंडळी, सही अडवू नका. मेंदूज्वर थांबत नसतो. फक्त एवढं विचारा, "डॉक्टरसाहेब, सुई कुठली वापरणार?"