असईचा उतार

केळना नदी जाफराबादला पूर्णेला मिळते. त्याआधी असईजवळ जुई तिला येऊन मिळते. या दोन नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी मराठ्यांच्या दख्खनेतल्या सत्तेचा कणा मोडला.

पहाट
दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांचा तळ भोकरदनपासून असईपर्यंत पसरलेला. अहमदनगर जिंकून आलेला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली कूच करतो. बदनापूरला दुसऱ्या इंग्रज फौजेच्या कर्नल स्टीव्हन्सनशी त्याचं ठरलंय, हल्ला २४ तारखेला, दोघांनी मिळून.

सकाळी ११
नळणीला बातमी मिळते की मराठे अगदी जवळ आहेत आणि तळ हलवणार आहेत. स्टीव्हन्सन अजून दूर. वेलस्ली एकट्यानेच लढायचं ठरवतो.

दुपारी १
केळनेपलीकडे शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि सुमारे १०० तोफा. हुकमत हॅनोव्हरच्या पोलमनकडे. वेलस्लीजवळ साडेचार हजार शिपाई. शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांचे स्वार. मराठ्यांविरुद्ध मराठेच उभे.

दुपारी २
वाटाडे सांगतात, पुढे नदीला उतार नाही. वेलस्लीला पिंपळगाव आणि वरूड ही समोरासमोरची गावं दिसतात. दोन काठांवरच्या शेजाऱ्यांची ये-जा असणारच, म्हणजे उतारही असणारच. तो निघतो. उतारावर मराठ्यांची एक चौकीसुद्धा नाही.

दुपारी ३
नदी ओलांडताना तोफगोळ्याने वेलस्लीशेजारच्या स्वाराचं डोकं उडतं. पोलमन सगळी फळी काटकोनात वळवून पूर्वेला तोंड करतो. इतकी सफाई वेलस्लीने अपेक्षिलेली नसते.

दुपारी ४
वाट चुकून असईकडे सरकलेली इंग्रजांची ७४वी पलटण तोफांच्या तोंडी सापडते. उरलेले शिपाई सोबत्यांच्या प्रेतांचा आडोसा करून लढतात. मॅक्सवेलचं इंग्रज घोडदळ त्यांना सोडवतं.

दुपारी ५
मेल्याचं सोंग घेऊन पडलेले मराठी गोलंदाज उठतात आणि पुढे गेलेल्या इंग्रजांच्या पाठीवर तोफा वळवतात. तोफा पुन्हा जिंकाव्या लागतात. मॅक्सवेल पडतो. मराठ्यांचं अफाट घोडदळ मात्र दूरच राहतं.

संध्याकाळी ६
रण शांत. ९८ तोफा इंग्रजांच्या हाती. त्यांचेही ४२८ मेले, ११३८ जखमी.

पुढे नोव्हेंबरात अडगावला पराभव झाला, डिसेंबरात गाविलगड पडला आणि ३० डिसेंबरला शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावच्या तहावर सही केली. असईत गोलंदाज कमी पडले नाहीत. कमी पडली ती उतारावरची एक चौकी आणि त्यांच्या पाठीशी धावून जाणारं घोडदळ. पराभवाचा दोष तोफेला बिलगून मेलेल्यांच्या माथी मारू नये.